मेडिकलचा फॉर्म, सुभेदार काका आणि 'समाजसेवा' बंदी

"भाऊ, मेडिकलले इंटरव्यू असते काय?"

नीटचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्या दुकानात येतोच. विचारणारा बहुतेक करून बाप. गळ्यात दुपट्टा, हातात खताच्या कंपनीची थैली आणि थैलीत पोराचे दहावीपासूनचे सगळे कागद, सुरळी करून. सुरळी केलेला कागद स्कॅनरवर सरळ बसत नाही हे मी गावात इतक्या जणांना सांगितलं आहे, तरी सुरळीच येते.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. लोकांच्या तोंडी ते 'सेतू'च. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पीएम किसानची केवायसी, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि गेल्या काही वर्षांत मेडिकलचे फॉर्म. आमच्या भागातली पोट्टे-पोट्टी आता नीटला बसतात आणि चांगले मार्क घेतात. कुणी लातूरला जाऊन क्लास लावतं, कुणी अकोल्याला, कुणी घरीच मोबाइलवर टेस्ट सोडवतं. फॉर्म भरायला मात्र बरेच जण माझ्याकडे येतात. फिजिक्सला न घाबरणारी पोरं ओटीपीला घाबरतात.

तर प्रश्नाचं उत्तर: नसते. एमबीबीएसला आपल्याकडे मुलाखत नसते. नीटचे 180 प्रश्न, बरोबर आला तर चार, चुकला तर वजा एक, एकूण 720. त्यावर रँक. त्या रँकवर राज्याचा सीईटी सेल कॅप राऊंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, घेतो. सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात जातात, त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती, भरते; उरलेल्या 85 टक्के राज्याच्या. एम्सची परीक्षा वेगळी असायची, तीही 2020 पासून नीटमध्येच आली. तुला डॉक्टर का व्हायचं आहे हे पोराला कुणीही विचारत नाही. ह्याचं मला कधी बरं वाटतं, कधी वाईट.

आमच्या शेजारच्या सेवाग्रामचं उदाहरण जुने लोक हटकून काढतात. 1969 साली सुरू झालेलं हे कॉलेज, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, कित्येक वर्षं स्वतःची प्रवेश परीक्षा घ्यायचं आणि त्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. आमच्या गावातले एक गुरुजी त्या पेपरसाठी पोरांना घरी बोलावून शिकवायचे, पैसे न घेता. आता तिथलाही प्रवेश नीटवरच. पेपर गेला, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून आश्रमातल्या शिबिराला जावं लागतं आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. हे ऐकलं की बाप लोक खूश होतात आणि लगेच विचारतात, "मंग खादी घालावं लागन काय?"

मुलाखत खरोखर घेणारं एक कॉलेज आहे, पुण्याचं एएफएमसी, सैन्यदलाचं. त्याच्याकडे येतोच. पण आधी कागदांचं सांगतो, कारण आमच्याकडे रडारड तिथे होते.

मागास प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, वेगळं. दाखला एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडून निघतो. व्हॅलिडिटी पडताळणी समिती देते आणि तिला पुरावा लागतो तो तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, व्हीजेएनटीला, म्हणजे विमुक्त-भटक्यांना, 21 नोव्हेंबर 1961, एससीला 10 ऑगस्ट 1950, एसटीला 6 सप्टेंबर 1950. म्हणजे आजोबाचा शाळेचा दाखला, नाहीतर पणजोबाची कोतवाल बुकातली नोंद. आता आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक काढायचं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं. पानं हाताला लागली की तुकडे पडतात. त्यात आजोबाचं घरचं नाव असतं, सातबाऱ्यावर दुसरं आणि बापाच्या टीसीवर तिसरंच. तिन्ही माणसं एकच, हे सांगायला शपथपत्र, वंशावळ आणि हेलपाटे. ओबीसी आणि व्हीजेएनटीला वरून नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, ते 31 मार्चपर्यंतचं असतं. मार्चमध्ये हौसेने काढून ठेवलं आणि एप्रिलमध्ये बाद झालं, असं दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत टाकायचा असतो. "मार्क पडले तर पाहू" म्हणून जे थांबतात, त्यांना मार्क पडतात आणि मग यवतमाळच्या बसमध्ये बापाचा चेहरा पाहवत नाही. अर्ज केल्याची पावती चालेल का, हा पुढचा प्रश्न. कधी मुदत मिळते, कधी नाही. मेडिकलला त्या भरवशावर राहू नका, एवढंच मी सांगतो.

आणखी एक प्रश्न अजून येतो, "आपल्या विदर्भाचा कोटा हाय ना?" तो 2020 मध्ये गेला. पूर्वी राज्याच्या जागांत 70 टक्के त्या त्या विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असं होतं. आता राज्यभराची एकच गुणवत्ता यादी. लातूरचं पोट्टं यवतमाळला येतं, आमचं नांदेडला जातं. चांगलं की वाईट ह्यावर चावडीवर भांडण लागतं, मी त्यात पडत नाही. माझं मत विचाराल तर कोटा होता तेव्हाही आमच्या तालुक्यातून मेडिकलला फार जण लागत नव्हते.

आता एएफएमसी.

माझी भाची अकरावी-बारावीला आमच्याच घरी राहिली. बहीण दिली आहे दिग्रसकडच्या एका खेड्यात, तिथून कॉलेज लांब पडायचं. पोट्टी हुशार, पण बोलायला नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की मोबाइलमध्ये तोंड खुपसायची. 2024 ची नीट तिने दिली. ते साल आठवत असेल. जूनमध्ये निकाल लागला, मग ग्रेस मार्कांचा गोंधळ, पेपरफुटी, सुप्रीम कोर्ट, आणि 26 जुलैला सुधारित निकाल. घरात कुणाला नीट जेवण जात नव्हतं. एमसीसीच्या साइटवर नोंदणी करताना एएफएमसीसाठी इच्छुक आहात का असं विचारतात. ती म्हणाली, नाही टाका मामा. माझ्या मागे खुर्चीवर सुभेदार काका बसले होते, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आले होते. ते म्हणाले, "हो टाक. फुकट हाय ना? पाहू तर बोलावते का."

ह्या कॉलेजात आपल्या देशातल्या मुलांसाठी 145 जागा: 115 मुलगे, 30 मुली. शिक्षण सरकारी खर्चाने, आणि झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून जायचं, काहींना पर्मनंट कमिशन, काहींना शॉर्ट सर्व्हिस. नीटच्या गुणांवरून ते यादी काढतात आणि पुण्याला बोलावतात. तिथे अर्ध्या तासाची इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, 80 गुणांची. मग मानसशास्त्रीय चाचणी. मग मुलाखत, 50 गुणांची. आणि सैन्याची वैद्यकीय तपासणी.

यादीची पीडीएफ आली तेव्हा दुकानात पीकविम्याची गर्दी होती. मी मधल्या मध्ये रोल नंबर टाकून शोधला. निघाला. दोनदा टाकून पाहिला, दोन्हीदा निघाला. पीकविमा भरायला आलेल्या सगळ्यांना भाचीने नको नको म्हणत असताना मी चहा पाजला.

तयारी कुठे करायची हा प्रश्नच होता. नागपूरच्या एका क्लासने मुलाखतीच्या 'पॅकेज'चा जो आकडा सांगितला, तेवढ्यात आमच्या भाऊजींची तूर पेरून निघाली असती. मग सुभेदार काकांनीच फर्मान काढलं: रोज रात्री आठ वाजता, ह्याच दुकानात. पॅनल तिघांचं. स्वतः काका, सैन्यातून निवृत्त. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडम, ज्या पुसदच्या आहेत आणि स्वतः यवतमाळच्या मेडिकलला शिकल्या. आणि हायस्कूलचे इंग्रजीचे सर. शटर अर्धं खाली, झेरॉक्स मशीनवर वह्या, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या इकडे, एक तिकडे. मी काउंटरच्या आत, पंखा माझ्याकडे.

पहिल्या रात्री काकांनी तिला शटरखालून वाकून आत यायला लावलं आणि वर म्हणाले, वाकू नको. मग त्यांच्याच लक्षात आलं, शटर वर घ्यायला लावलं. दार वाजव, विचार, उभी राहा, बस म्हटल्यावर बस, खुर्ची सरकवायची नाही, ओढणीशी खेळायचं नाही, ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहून बोल पण शेवटचं वाक्य सगळ्यांकडे पाहून. हे सगळं तिने एका तासात उचललं. कबड्डीची पोट्टी आहे, अंगाला शिस्त आहे.

मग सरांनी पहिला प्रश्न टाकला. व्हाय डू यू वॉन्ट टू बी अ डॉक्टर?

भाची उभ्या उभ्या सुरू झाली. लहानपणापासून माझं स्वप्न आहे की मानवतेची सेवा करावी, इंग्रजीत, न थांबता. व्हिडिओ पाहून पाठ केलेलं. मला तर भारी वाटलं. टाळी वाजवणार होतो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लहानपणापासून म्हणजे कितवीपासून?"

शांतता.

"काय पाहिलं होतं तेव्हा?"

अजून शांतता. मॅडम म्हणाल्या, बाई, हे उत्तर त्यांनी सकाळपासून प्रत्येकीकडून ऐकलेलं असेल. तुझ्या आधीचीने ऐकवलं, तुझ्या नंतरची ऐकवेल. आणि त्या दिवशी नियम निघाला: समाजसेवा, मानवता, लहानपणापासूनचं स्वप्न, नोबल प्रोफेशन हे शब्द ह्या दुकानात बंद. जो बोलेल तो सगळ्यांचा चहा देईल. पहिला चहा सरांनीच दिला, प्रश्न समजावून सांगताना त्यांच्या तोंडून नोबल निघालं.

शब्द बंद केले तर पोट्टीचं बोलणंच बंद झालं. पुढचे काही दिवस जड गेले. कारण काय आहे ते तिलाच माहीत नव्हतं. मार्क चांगले पडत होते, मास्तर म्हणत होते मेडिकलला जा, म्हणून ती मेडिकलला चालली होती. आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त पोरांचं हेच असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. पण पॅनलला तसं सांगता येत नाही ना.

मग एका रात्री मॅडमनी प्रश्न बदलला. का व्हायचं ते राहू दे. तू पहिल्यांदा दवाखान्यात कधी गेली होती, दुसऱ्या कुणासाठी?

ती म्हणाली, "बाबाले फवारणी लागली होती तवा."

2017 सालची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. त्या पावसाळ्यात आमच्याकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे नळी वर करून फवारावं लागायचं आणि फवारा सरळ तोंडावर यायचा. त्यात दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची पद्धत. तोंडाला दुपट्टा, हातात मोजे नाहीत, अंगात तोच घामाने भिजलेला शर्ट. आमचे भाऊजी त्यातलेच एक. भाची तेव्हा सहावीत असेल.

"काय दिसलं तुले?" मॅडमनी विचारलं. त्या पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलल्या.

ती सांगत गेली. बाबा वावरातून आले आणि म्हणाले, लाईट गेली का? दुपार होती. तोंडातून लाळ थांबत नव्हती, शर्ट पिळून काढावा इतका घाम. ऑटोने दारव्हा, तिथून ॲम्ब्युलन्सने यवतमाळ. वॉर्डात एक सिस्टर आली, तिने बाबांच्या पापण्या बोटाने वर केल्या आणि टॉर्च मारला. आतली काळी बाहुली तिळाएवढी झाली होती. सिस्टर काही बोलली नाही, सुई भरली. थोड्या वेळाने पुन्हा टॉर्च, पुन्हा सुई. रात्रभर असंच. सकाळी बाबांचं तोंड कोरडं पडलं होतं आणि ते पाणी मागत होते, आणि सिस्टर आईला म्हणाली, तोंड सुकलं ना, आता बरं आहे.

"मले तेव्हा समजलंच नाही," भाची म्हणाली, "तोंड सुकलं त बरं कसं?"

"आता समजते?"

"आता समजते." आणि मग ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात मज्जासंस्थेचा धडा आहे, त्यात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन येतं. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप न्यायचं त्याचं काम. निरोप पोचला की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला तिथल्या तिथे मोडून टाकतं. हे ऑर्गॅनोफॉस्फेटवालं कीटकनाशक त्या विकरालाच अडकवून ठेवतं. मग निरोप थांबतच नाही: लाळ, घाम, जुलाब, बाहुली बारीक, छातीत पाणी. ती सुई होती ॲट्रोपीनची. ॲट्रोपीन निरोप घेणारं दार बंद करतं. तोंड कोरडं पडणं म्हणजे औषध पुरेसं गेल्याची खूण. धडा वाचला तेव्हा मला ती सिस्टर आठवली, असं ती म्हणाली, आणि मी तो धडा परत वाचला, परीक्षेसाठी नाही.

मॅडम सरांकडे पाहून म्हणाल्या, हे इंग्रजीत एक मिनिटात बसवा. आणि पोट्टीला: हेच सांगजो. रडू येत असेल तर इथे रडून घे.

ती रडली नाही. मी मात्र काउंटरखाली वायर शोधत बसलो थोडा वेळ.

त्यापुढची तयारी सोपी झाली असं नाही, पण तिला उभं राहायला जमीन मिळाली. सरांनी तिचं इंग्रजी 'सुधारलं' नाही, हे त्यांचं मोठेपण. सुरुवातीला त्यांनी भारीभारी शब्द घातले होते, मग स्वतःच काढले. म्हणाले, छोटी वाक्यं बोल, भूतकाळ सांभाळ, आणि शब्द आठवला नाही तर सोपा शब्द वापर, थांबू नको. फॉर्ममध्ये छंद लिहायचा होता. तिने रीडिंग लिहिलं होतं. सर म्हणाले, शेवटचं काय वाचलं? नीटची गाइडं. खोडलं. कबड्डी लिहिलं.

काका उलटतपासणीचे. "चूक कोणाची? कंपनीची का शेतकऱ्याची?" असं अचानक विचारायचे. ती चिडून कुणाचं तरी नाव घ्यायची आणि काका दुसऱ्या बाजूने धरायचे. शेवटी तिला एक उत्तर सापडलं: चूक कोणाची ते चौकशीवाले ठरवतील सर, मला एवढं माहीत आहे की बाबांना पॅकेटवरचं बारीक अक्षर वाचता येत नव्हतं आणि दुकानदाराने मोजे दिले नव्हते. काका म्हणाले, हे ठीक.

एकदा त्यांनी विचारलं, "लेहला पोस्टिंग झाली आणि घरच्यांनी लग्न ठरवलं तर?" डॉक्टर मॅडम भडकल्या. हा प्रश्न मुलांना विचारता का? काका म्हणाले, "मॅडम, ते इचारतीन म्हणून त मी इचारून राहिलो." मॅडम म्हणाल्या, मग ह्या प्रश्नाला उत्तर कसं द्यायचं ते मी शिकवते. आणि शिकवलं. ते उत्तर मी इथे लिहीत नाही, पण काका बराच वेळ गप्प होते.

चुकलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर काकांनी खांद्यावरच्या खुणा काढून दिल्या: दोन तारे लेफ्टनंट, तीन कॅप्टन, अशोकस्तंभ आला की मेजर, त्याला खाली एक तारा जोडला की लेफ्टनंट कर्नल. समोरचा कोण आहे ते कळलं पाहिजे, म्हणाले. आर्मी मेडिकल कोअरचं ब्रीद सर्वे सन्तु निरामयाः, कॉलेज सुरू झालं 1948 मध्ये, हे पाठ. आणि यवतमाळला पाठवून कान आणि दात साफ करून घ्यायला लावले, कारण सैन्याच्या तपासणीत कानात मळ दिसला तरी थांबवतात आणि दातांचे पॉइंट मोजतात. माझ्या बहिणीने नवीन सॅन्डल घेतली तर काका म्हणाले, आजपासून घालून फिर, तिकडे पाय कापला तर लंगडत आत जाशील.

सगळ्यात जास्त वेळ मॅडमनी एका वाक्यावर घालवला. आय डोन्ट नो, सर. हे वाक्य आमच्याकडच्या पोरांच्या तोंडून निघत नाही. येत नसलं की मान खाली जाते, नाहीतर काहीतरी ठोकून देतात. मॅडम मुद्दाम एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाचे प्रश्न विचारायच्या आणि ती "आय डोन्ट नो, मॅडम" नीट मान वर करून म्हणेपर्यंत सोडायच्या नाहीत.

पुण्याला मी आणि तिची आई गेलो, धामणगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसने. आमच्या गावचा एक पोरगा चाकणला कंपनीत आहे, त्याच्या खोलीवर उतरलो. कॉलेजच्या फाटकाबाहेर आईबापांची गर्दी. एक गृहस्थ आपल्या मुलाला शेवटच्या क्षणापर्यंत राज्यपालांची नावं विचारत होते. बहीण मला म्हणाली, आपल्या पोट्टीले नावं येतात का रे? मी म्हटलं, येतात. येत नव्हती.

आत काय झालं ते तिने सांगितलं तसं सांगतो. आधी कबड्डी. बोनस लाइन म्हणजे काय, एका बाजूला किती खेळाडू, तू रेडर की डिफेंडर. मग यवतमाळ. एक अधिकारी म्हणाले, यवतमाळ म्हणजे कापूस आणि शेतकरी आत्महत्या, अजून काय? तिने दारव्ह्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचं सांगितलं, कापूस वाहायला टाकलेली नॅरोगेज लाइन, ती पुढे कितीतरी वर्षं ब्रिटिश कंपनीच्याच मालकीची राहिली. ते हसले. मग फवारणीचं आलं. तिने एका मिनिटात सांगितलं, जसं बसवलं होतं तसंच नाही, मधलं एक वाक्य विसरली आणि टॉर्चचं आधी सांगितलं. त्यातल्या एकाने पुढे वाकून विचारलं, ॲट्रोपीनने लाळ थांबते, पण स्नायूंचा अशक्तपणा जात नाही, का?

आय डोन्ट नो, सर.

ते म्हणाले, इथे आलीस तर शिकशील.

गावात आल्यावर मॅडमनी त्याचं उत्तर सांगितलं. ॲट्रोपीन निरोप घेणाऱ्या एकाच प्रकारच्या दारांवर, म्हणजे रिसेप्टरवर चालतं, मस्करिनिक. स्नायूंवरचे निकोटिनिक असतात, तिथे त्याचा हात पोचत नाही. म्हणून प्रालिडॉक्सिम नावाचं दुसरं औषध द्यायचं असतं, जे अडकलेल्या विकराला सोडवतं, तेही वेळेत दिलं तर.

अंतिम यादीत तिचं नाव नव्हतं. तीस जागा, आणि देशभरातल्या पोरी. काकांना ते लागलं. ते दोन दिवस दुकानात आले नाहीत आणि आले तेव्हा थेट पेपर वाचत बसले. भाचीला फार लागलं नसावं, कारण तोवर राज्याच्या कॅपची घाई सुरू झाली होती. पसंतीक्रम भरताना मात्र मला तिच्यातला फरक कळला. पूर्वी ती म्हणायची, मामा तुम्हीच टाका. आता माझ्या हातून माउस घेतला आणि विचारलं, ह्या कॉलेजला हॉस्टेल कुठे आहे, हे वर का टाकता? मी म्हटलं, सगळे टाकतात. ती म्हणाली, सगळे म्हणजे कोण?

विदर्भातल्याच एका सरकारी कॉलेजला लागली. कागदपत्रं तपासायला गेलो तेव्हा टेबलावरच्या बाईंनी टीसीवरचं आणि आधारवरचं बापाचं नाव जुळत नाही म्हणून थांबवलं. मी शपथपत्र काढायला थैलीत हात घालेपर्यंत पोट्टीनेच सगळं समजावून सांगितलं, कुठल्या कागदात काय आहे ते पान उघडून. बाईंनी शिक्का मारला. त्याच वर्षीपासून, 8 जुलै 2024 च्या जीआरने, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे, तेही तिला मिळालं. पोरींच्या बापांनी उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा, तो नसला तर हे सगळं कागदावरच राहतं. आणि सरकारी कॉलेजचा बॉन्ड लक्षात ठेवा: पास झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख रुपये. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "एक वर्ष गावच्या दवाखान्यात? त्यात दंड कायचा?"

डॉक्टर मॅडमची बदली झाली. जाताना मुलाखतीच्या प्रश्नांची वही ठेवून गेल्या, ती काउंटरच्या खणात आहे, कुणी नेऊ नये, झेरॉक्स मिळेल. काका मात्र पेटले आहेत. ह्या वर्षी नेरकडची दोन पोरं आणि आमच्या गावची एक पोट्टी येऊन बसते. एएफएमसीचं बोलावणं येईल की नाही कुणाला ठाऊक. काका म्हणतात, नाही आलं तरी तोंड उघडायला शिकतीन. बंद शब्दांची यादी त्यांनी लॅमिनेट करून झेरॉक्स मशीनच्या वर लावली आहे, लॅमिनेशनचे पैसे दिलेले नाहीत. यादीत आता 'पॅशन' पण आहे.

बारावीत असाल आणि व्हॅलिडिटीचा अर्ज टाकला नसेल, तर ह्याच आठवड्यात या. आजोबाचा जो काय कागद घरात असेल तो आणा, फाटका असला तरी चालेल, पण सुरळी करू नका. मुलाखतीच्या सरावाला यायचं असेल तर रात्री आठ. काका आठ म्हणजे आठच धरतात. परवा एक पोरगा आठ वाजून पाच मिनिटांनी आला तर त्याला परत पाठवला, आणि तो बिचारा नुसता आधार अपडेट करायला आला होता.